डास खाणारे मासे : मूठभर पूर्वज आणि जगभर पसरलेली फौज



पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर गप्पी माशांविषयीचे प्रश्नही. त्यातले दोन प्रश्न दरवर्षी हमखास येतात.

पहिला : "डॉक्टर, पाण्याच्या टाकीत गप्पी मासे सोडले. आता ते फार झालेत. उरलेले ओढ्यात किंवा तळ्यात सोडले तर चांगलंच ना? तिथले डासही खातील."

दुसरा जरा खोचक असतो : "दोन-चार मासे आणले होते, वर्षभरात शेकडो झाले. सगळे एकाच घरातले. मग ते कमजोर कसे होत नाहीत? आणि आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न ठरलं म्हटलं की तुम्ही लगेच तपासण्या सांगता!"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोघांचं उत्तर एकाच इतिहासात दडलेलं आहे. हा इतिहास आहे दोन छोट्या गोड्या पाण्यातल्या माशांचा, गंबूजिया आणि गप्पी यांचा. डॉक्टरांनीच त्यांना जगभर नेलं. थोडा लांबचा पल्ला आहे, पण माझ्याबरोबर चला.

सुरुवात सिकंदराबादहून

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी वाढताना दिसला. पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया अॅनाफिलिस जातीचा डास पसरवतो हे दाखवून दिलं. त्याआधी शतकानुशतकं मलेरिया दलदलीच्या खराब हवेने होतो असंच मानलं जात होतं. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा.

शत्रू सापडला, आता तो मारायचा कसा? तेव्हा डीडीटी नव्हतं. क्विनाइन होतं, पण ते रोग झाल्यावरचं औषध. उडणारा डास पकडणं अवघड, मात्र डासाचं बालपण पाण्यात जातं. अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था पाण्यातच असतात. म्हणून पाण्यावर तेल टाकायचं, डबकी बुजवायची किंवा अळ्या खाणारा एखादा प्राणी पाण्यात सोडायचा, असे तीन मार्ग उरले. तिसऱ्या मार्गासाठी मासे निवडले गेले.

टेक्सास ते हवाई, अमेरिका ते बंगळूर

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मेक्सिकोच्या आखाताभोवती, बोटाच्या दोन पेरांएवढा एक करडा मासा राहतो, गंबूजिया. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावरच्या अळ्या टिपायला सोयीचं. १९०५ मध्ये अॅल्विन सील नावाच्या मत्स्यतज्ज्ञाने टेक्सासच्या किनाऱ्यावरून हे मासे डब्यांत भरून जहाजाने हवाई बेटांवर नेले. पोचले ते साधारण दीडशे. हवाईत मलेरिया नव्हता, पण डास मुबलक होते. काही वर्षांतच त्या दीडशे माशांची संतती बेटांवरच्या तळ्यांत आणि उसाच्या शेतांना पाणी पुरवणाऱ्या जलाशयांत सगळीकडे दिसू लागली. पुढे तिथूनच ते फिलिपिन्सलाही गेले.

दुसरी वाट युरोपची. पहिल्या महायुद्धानंतर स्पेन आणि इटलीत मलेरियाने थैमान घातलं होतं. १९२१ मध्ये स्पेनचे मलेरियातज्ज्ञ डॉ. सादी दे बुएन यांच्या प्रयत्नांनी अमेरिकेतून गंबूजिया स्पेनमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी स्पेनमधून इटलीत. हे सादी दे बुएन १९३६ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या पहिल्याच काही महिन्यांत, गोळ्या घालून मारले गेले. त्यांचे मासे मात्र आजही स्पेनच्या नद्यांत आहेत.

१९२५ मध्ये मासे ऑस्ट्रेलियात सिडनीला पोचले आणि १९२८ मध्ये डॉ. बी. ए. राव यांनी ते इटलीहून भारतात आणले. म्हणजे आपल्याकडच्या गंबूजियाचा प्रवास बघा : अमेरिका, स्पेन, इटली, बंगळूर. प्रत्येक मुक्कामावर थोडेच मासे डब्यात भरले गेले आणि त्या थोड्यांचेच वंशज पुढे गेले.

गप्पीची कथा जवळजवळ अशीच. मूळ गाव त्रिनिदाद बेट, व्हेनेझुएला आणि आसपासचा प्रदेश. त्रिनिदादच्या रॉबर्ट गपी नावाच्या हौशी निसर्ग-अभ्यासकाने लंडनला नमुने पाठवले, म्हणून १८६६ मध्ये या माशाला त्यांचं नाव मिळालं. आपण मराठीत त्याचा 'गप्पी' केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच डास-नियंत्रणासाठी तो भारतात आला.

मग १९५०च्या दशकात डीडीटीची फवारणी आली आणि मासे विस्मरणात गेले. मलेरिया संपणारच असं वाटत असताना डास डीडीटीला दाद देईनासे झाले, मलेरिया उलटला आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. १९७१ मध्ये सुरू झालेल्या शहरी मलेरिया योजनेत तेल, अळीनाशकं आणि मासे हे जुने उपाय परत आले. आज तुमच्या आरोग्य केंद्रात मिळणारा गप्पी हा त्या परंपरेतला आहे.

इथे शास्त्राला कोडं पडतं

आता जनुकांकडे वळू. प्रत्येक जनुकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या असू शकतात. एखाद्या जातीत जितक्या जास्त आवृत्त्या, तितकी तिची जनुकीय विविधता मोठी. नवा रोग आला, पाणी तापलं, अन्न बदललं, तर त्या विविधतेतूनच कोणाकडे तरी उपयोगी आवृत्ती निघते आणि जात तगते.

थोडेच प्राणी नव्या जागी गेले तर ही विविधता घटते. याला बाटलीच्या गळ्याची उपमा देतात. बाटलीत रंगीबेरंगी मणी आहेत, गळ्यातून चारच बाहेर पडले, तर काही रंग आतच राहणार. शिवाय थोड्या प्राण्यांत पुढे आपापसांतच प्रजनन होणार. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने हे मासे नव्या देशात कुरकुरत जगायला हवे होते, किंवा दोन-चार पिढ्यांत संपायला हवे होते.

घडलं भलतंच. युरोपातल्या गंबूजियाच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की बहुतेक सगळे एकाच मातृवंशाचे आहेत आणि तो वंश अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना भागाशी जुळतो. मूळ देशातल्या माशांपेक्षा त्यांची विविधता कमी आहे. ऑस्ट्रेलियात पसरलेल्या गप्पींचीही तीच गत, विविधता फार कमी आणि तब्येत ठणठणीत. गरीब जनुकीय भांडवलावर एवढा मोठा संसार उभा राहिला कसा? शास्त्रज्ञ याला आक्रमक जातींचा जनुकीय विरोधाभास म्हणतात. त्याची उकल तीन-चार भागांत होते.

पहिली उकल : गळा अरुंद होता, पण लांब नव्हता

१९७५ मध्ये मासातोशी नेई, ताकेओ मारुयामा आणि रणजित चक्रवर्ती या तीन संशोधकांनी गणिताने दाखवलं की किती प्राणी गळ्यातून गेले यापेक्षा ते किती पिढ्या थोडके राहिले याने जास्त फरक पडतो.

साधा हिशेब करू. फक्त एक जोडी नव्या तळ्यात गेली, तर पहिल्या पिढीत सरासरी २५ टक्के विविधता जाते. ७५ टक्के टिकते! दहा मासे गेले तर फक्त ५ टक्के जाते. पण तेच दहा मासे दहा पिढ्या दहाच राहिले, तर दर पिढीला ५ टक्के गळत गळत शेवटी ६० टक्केच उरते. म्हणजे खरा धोका थोडके असण्यापेक्षा थोडके राहण्यात आहे.

आणि हे मासे थोडके राहतच नाहीत. गंबूजिया आणि गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. गर्भ साधारण तीन ते चार आठवडे पोटात वाढतो, एका वेळी डझनांनी पिल्लं होतात आणि उबदार पाण्यात ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः आई-बाप होतात. एका वर्षात तीन-चार पिढ्या. गळा लगेच संपतो.

एक नुकसान मात्र होतंच. कल्पना करा, एका मोठ्या गावातून दहा कुटुंबं उठून नव्या वस्तीवर राहायला गेली. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावं नव्या वस्तीत बहुधा असतील. पण गावात एकाच घराचं असलेलं दुर्मिळ आडनाव मागेच राहील. जनुकांचं असंच असतं. ज्या आवृत्तीचं प्रमाण निम्मं आहे, ती दहा माशांतून पूर्णपणे सुटण्याची शक्यता दहा लाखांत एक. जिचं प्रमाण १ टक्का आहे, ती सुटण्याची शक्यता ८२ टक्के. म्हणजे रोजच्या कामाची आवृत्ती बरोबर येते, कधीतरी लागणारी मागे राहते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी उकल : एकटी आई एकटी नसते

या माशांच्या मादीकडे एक खास सोय आहे. नराचं वीर्य ती शरीरात साठवून ठेवू शकते आणि त्यावर पुढचे अनेक महिने एकामागून एक विणी देऊ शकते. शिवाय ती अनेक नरांशी मीलन करते. पितृत्वाची डीएनए चाचणी तुम्हाला बातम्यांमुळे माहीत आहे. तीच माशांवर केली तेव्हा कळलं की एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप बऱ्याचदा दोन, तीन किंवा त्याहून अधिक असतात.

आता पुन्हा डब्यातल्या माशांकडे पाहा. डोळ्यांना दिसते एक मादी, पण तिच्या पोटात आणखी चार जणांची जनुकं प्रवास करत असतात. वरून मोजले तर दहा मासे, जनुकांच्या हिशेबाने पंचवीस-तीस. हवाईला पोचलेले दीडशेही असेच दीडशेपेक्षा जास्त होते.

हे किती परिणामकारक आहे ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. त्रिनिदादच्या ओढ्यांतून पकडलेली एकेक गप्पी मादी वेगवेगळ्या मोठ्या टाक्यांत एकटी सोडली. दोन वर्षांनी पाहिलं तर दहापैकी आठांहून अधिक टाक्यांत तिची वसाहत नांदत होती. एका मादीवर एवढं यश! म्हणूनच "एकच तर मासा ओढ्यात सोडला, त्याने काय होतंय" या वाक्याला अर्थ नाही.

तिसरी उकल : डोळ्यांदेखत होणारी उत्क्रांती

उत्क्रांती म्हटली की आपल्याला लाखो वर्षं आठवतात. पण या माशांत ती एका माणसाच्या आयुष्यात मोजता येते.

हवाईच्या जलाशयांपैकी काहींत पाण्याची पातळी स्थिर असते, काहींत सिंचनामुळे सतत वरखाली होते. स्टीफन स्टर्न्स यांनी १९८०च्या सुमारास वेगवेगळ्या जलाशयांतले गंबूजिया तपासले, तर ते कोणत्या आकाराला प्रौढ होतात यात फरक पडलेले होते. मूळ पूर्वज तेच, मधला काळ सुमारे ७० वर्षांचा.

गप्पींवर तर याहून नेटका प्रयोग झाला. त्रिनिदादमध्ये धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वर नसतात. १९७६ मध्ये जॉन एंडलर यांनी खालचे गप्पी उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या ओढ्यात सोडले. ११ वर्षांनी, म्हणजे गप्पींच्या ३० ते ६० पिढ्यांनी, डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तेव्हा हे मासे उशिरा प्रौढ होऊ लागले होते आणि पिल्लं थोडी पण मोठी देत होते. शिकारी नाही म्हणजे घाई नाही. हा बदल प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्या वंशजांतही टिकला, म्हणजे तो जनुकांत उतरला होता.

आणि एक उदाहरण मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या शेतांवर डीडीटी आणि इतर कीटकनाशकांची प्रचंड फवारणी होत असे. १९६३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांना आढळलं की शेतांजवळच्या पाण्यातले गंबूजिया डीडीटीला दाद देत नाहीत. इतर ठिकाणचे मासे ज्या मात्रेत मरत होते, त्यात हे जगत होते. डास आणि डास खाणारा मासा, दोघेही एकाच विषाला सरावले.

हीच गोष्ट मी रुग्णांना अँटिबायोटिकच्या संदर्भात रोज सांगतो. औषधामुळे जंतू हुशार होत नाही. जंतूंच्या गर्दीत आधीपासून थोडेसे निबर असतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि मैदान त्या निबरांना मोकळं करून देतं. झपाट्याने वाढणाऱ्या कोणत्याही जिवाला हा नियम लागू आहे, मग तो जिवाणू असो, डास असो की मासा. म्हणून सर्दीला अँटिबायोटिक मागू नका.

चौथी उकल : मिसळण

१९५७ मध्ये कॅरिल हॅस्किन्स यांनी त्रिनिदादमध्ये २०० गप्पी एका नदीतून काढून दुसऱ्या खोऱ्यातल्या तुरूर नदीच्या वरच्या, रिकाम्या भागात सोडले. पुढच्या दशकांत त्या पाहुण्यांची जनुकं धबधबे ओलांडून खालच्या भागात उतरली आणि तिथल्या मूळ गप्पींची जनुकं मोठ्या प्रमाणात बाजूला पडली. तुम्ही जाऊन पाहिलंत तर नदीत आधीही गप्पी होते, आजही आहेत. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. पण हजारो वर्षं त्या खोऱ्यात घडलेला वंश मागे हटला.

म्हणजे परक्या माशाने स्थानिक माशाला खाल्लंच पाहिजे असं नाही. संकरानेही तो त्याला पुसून टाकू शकतो.

यश कोणाचं, किंमत कोणाची?

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मासे जर एकाच घरात लग्नं करून तगतात, तर आपण का नाही?

पहिली गोष्ट, माशांनाही दोष होतातच. गप्पींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचं प्रजनन केलं तर नरांचे रंगीत ठिपके कमी होतात आणि मादीपुढचं नाचणं मंदावतं. फरक हा की माशाच्या शंभर पिल्लांपैकी बहुसंख्य तशीही मरतात, बरीचशी तर मोठ्या माशांच्या तोंडात जातात. त्यातली किती जन्मजात अधू होती हे कोणी मोजत नाही. उरलेली दहा पुढचा वंश चालवतात आणि आपण म्हणतो, केवढी यशस्वी जात!

माणसाच्या घरात असा हिशेब चालत नाही. आपल्याकडे एक बाळ आजारी असलं तर अख्खं घर हलतं. जात टिकणं आणि प्रत्येक मूल निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरला दुसरीची काळजी असते.

आपल्या प्रत्येकात काही सदोष जनुकं लपलेली असतात. दुसरी प्रत चांगली असल्याने ती त्रास देत नाहीत. आई-वडील नात्यातले असतील तर दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता मामा-भाचीच्या अपत्यात आठात एक असते, आते-मामे भावंडांच्या अपत्यात सोळात एक. सर्वसाधारण जोडप्यात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता साधारण २ ते ३ टक्के धरतात. आते-मामे भावंडांच्या विवाहात ती ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात, हे खरं. पण घराण्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात बहिरेपणा किंवा कारण न कळता दगावलेली बाळं असतील, तर लग्नाआधी किंवा निदान गर्भधारणेआधी तपासणी आणि समुपदेशन करून घ्या. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक साध्या रक्ततपासणीतून कळतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलची तपासणी नात्यातलं लग्न नसलं तरी करावी.

डासांचं काय झालं?

एवढा खटाटोप ज्यासाठी केला, ते साधलं का? मासे अळ्या खातात यात शंका नाही. हौदात, बंद टाकीत, वापरात नसलेल्या विहिरीत अळ्या कमी होतात. पण त्यामुळे माणसांचा मलेरिया कमी होतो का, हे तपासण्यासाठी कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी उपलब्ध संशोधन एकत्र करून पाहिलं. २०१७च्या त्यांच्या आढाव्याचा निष्कर्ष असा की मासे सोडल्याने मलेरियाचा प्रसार घटतो असं सांगण्याजोगा भरवशाचा पुरावा नाही. काही ठिकाणी अळ्या घटतात, एवढंच म्हणता येतं.

उलट बाजूचा पुरावा मात्र ठळक आहे. गंबूजिया अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची पिल्लंही खातो, मोठ्या माशांचे पंखही कुरतडतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये एजबॅस्टन नावाचे छोटे झरे आहेत. लाल पंखांचा, निळ्या डोळ्यांचा एक चिमुकला मासा जगात फक्त तिथेच राहतो. गंबूजिया झऱ्यांमागून झरे काबीज करत गेला आणि हा मासा नामशेष व्हायच्या काठावर येऊन ठेपला. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत गंबूजियाचं नाव आहे.

आणि गंमत म्हणजे अळ्या खाणारे मासे आपल्याकडे आधीपासून होते. भारतीय किलीफिश, ज्याच्या डोक्यावर चांदीसारखा ठिपका चमकतो, तो कोकणातल्या ओढ्यांत, भातखाचरांत, विहिरींत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतो. त्याच्या तळ्यात आपण पाहुणा आणून सोडला.

'दुर्मिळ आवृत्त्या मागे राहतात' हे लक्षात ठेवा म्हणालो होतो, ते इथे लागतं. परका मासा आज जोरात दिसतो, पण त्याचं जनुकीय भांडवल तोकडं आहे. उद्या एखादा नवा आजार आला आणि तो पटापट मेला, तर तोवर स्थानिक मासाही उरलेला नसेल. मग तळं डासांसाठी मोकळं.

मग तुम्ही काय कराल?

१. आरोग्य विभागाने दिलेले गप्पी मासे बंदिस्त पाण्यातच ठेवा : सिमेंटचा हौद, इमारतीच्या वापराच्या पाण्याची टाकी, कारंजं. ओढा, नदी, तलाव, भातखाचर आणि पुराचं पाणी शिरतं अशी विहीर, यांत कधीही सोडू नका. गणपती विसर्जनाला किंवा गाव सोडताना "त्यांना मोकळं करू" म्हणून काचेच्या टाकीतले मासेही सोडू नका. मासे जास्त झाले तर शेजाऱ्याच्या हौदाला द्या किंवा आरोग्य केंद्राला परत करा.

२. टाकी धुताना पाणी गाळून टाका. एक गाभण मादी गटारातून ओढ्यात गेली तरी पुरते, हे वर वाचलंतच.

३. डेंग्यूचा डास बऱ्याचदा मासे सोडता येत नाहीत अशा पाण्यातही वाढतो. त्याला लागतं थोडं, साचलेलं, स्वच्छ पाणी : कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, टायर, गच्चीवरचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून ही सगळी भांडी उपडी करा, घासा आणि वाळवा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. झाकण घट्ट असलेल्या टाकीला मासे लागत नाहीत.

४. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही, थंडी वाजून आला, पोटात जोरात दुखू लागलं, सतत उलट्या झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली किंवा माणूस सुस्तावला, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सील, सादी दे बुएन, राव या मंडळींचा हेतू चांगलाच होता. माणसं पटापट मरत होती आणि हातात साधनं थोडी होती. त्यांच्या काळी डीएनए वाचता येत नव्हता, दहा माशांतून काय काय उगवू शकतं हे दाखवणारं गणितही नव्हतं. आपल्याकडे ते आहे. म्हणून या आठवड्यात दोन कामं करा. हौदातल्या माशांवर नजर टाका आणि गच्चीवरची भांडी उपडी करा. काही शंका असतील तर नेहमीप्रमाणे जरूर विचारा.